अभिप्रायाची वही

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. माझ्यासारख्या शाळामास्तराची पाळी का आली, असे मी चिटणीससाहेबांना विचारले. ते म्हणाले, "मास्तर, संस्थेने तुमच्या शाळेला प्रोजेक्टर दिला, पडदा दिला. त्याचे पुढे काय झाले ते सभासदांच्या कानावर घाला." तेव्हा हे व्याख्यान नव्हे, हिशेब आहे, असे समजून आपण ऐकावे. पैशाचा हिशेब आपल्या तपासनिसांनी तपासलेला आहे. दुसरा हिशेब मी देतो. त्यात जमेची बाजू बरीच आहे. एक तूटही आहे, आणि ती माझ्या हातून आलेली आहे.

आपणांस ठाऊकच आहे की आमची शाळा मराठी माध्यमाची. शनिवारी ती सकाळची असते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटली की नववीची मुले घरी न जाता चित्रकलेच्या खोलीत जमतात. डबे आधी संपवायचे, खिडक्यांना जमखाने टांगून अंधार करायचा आणि पडद्यावर एखादा जुना चित्रपट लावायचा, असा परिपाठ आहे. जुनाच चित्रपट, हा माझा हट्ट. नवे चित्रपट मुलांना दाखवावे लागत नाहीत. ते त्यांच्या खिशातच असतात. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला प्रारंभीच बजाविले होते, "मास्तर, पंधरा मिनिटांत मुले उठून जातील. त्यांना अर्ध्या मिनिटाच्या करमणुकीची सवय झालेली आहे." मुले उठून गेली नाहीत. कुरकुर मात्र पुष्कळ केली. काळे-पांढरे चित्र पाहून "सर, रंग बिघडलाय" म्हणाली आणि मूकपट लावला तेव्हा "सर, आवाज येत नाही" म्हणाली.

प्रत्येकाला मी शंभर पानी वही आणावयास सांगितली होती आणि तिच्यावर 'अभिप्राय' असे लिहावयास सांगितले होते. पहिल्या दिवशी फळ्यावर मी तीन वाक्ये लिहिली. जे वाटले ते लिहा. यात चूक-बरोबर काही नाही. यास गुण नाहीत. ही वाक्ये आपण कृपा करून लक्षात ठेवावीत, कारण मी ती विसरलो.

त्या अठ्ठावीस वह्यांपैकी एका वहीविषयीच आज बोलणार आहे. मुलीचे नाव सांगत नाही. वडील उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहेत, आई घरी शिवणकाम करते. मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी ही मुलगी. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन वहीतला काही मजकूर वाचून दाखवितो. शुद्धलेखन मी सुधारले आहे, भाषा तिची तशीच ठेवली आहे.

आम्ही आरंभ अगदी मुळापासून केला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्याचा आज काही भागच उरलेला आहे. त्यात तारामती झाले आहेत ते अण्णा साळुंके नावाचे पुरुष नट, कारण चित्रात उभी राहावयास स्त्री मिळेना. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या पडद्यावर आल्या. आणि १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली आहे ती फाळक्यांचीच सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्राच्या आरंभी ही चिमुरडी कॅमेऱ्यासमोर नुसती निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. आमच्या वर्गात सर्वांत जास्त हशा तेथे झाला, आणि तो चांगला हशा होता.

हे सर्व मी मोठ्या उत्साहाने समजावून दिले. वहीत उमटले ते असे: "राणी बाई नव्हती, बाप्या होता. दंडावरून कळतं. पण कृष्ण मुलगी होती आणि ते कळत नाही. फाळक्यांनी घरातल्या मुलीला कृष्ण केलं, तर पहिल्या वेळी घरातल्या बाईला राणी का नाही केलं?"

प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितले की सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कामात पतीला मदत करीत आणि शिवाय सगळ्या नटमंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तो वहीत त्याखाली एक ओळ वाढलेली: "म्हणजे तिला वेळ नव्हता."

नंतर चार्ली चॅप्लिनचा 'द गोल्ड रश'. हा १९२५ सालचा. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. सोने शोधावयास बर्फात गेलेला तो इवलासा माणूस उपाशी राहतो आणि शेवटी स्वतःचा बूट शिजवून काटा-चमच्याने खातो. बुटाचे खिळे तो कोंबडीची हाडे चोखावीत तसे चोखतो. प्रत्यक्षात तो बूट जेष्ठमधाच्या गोड मिठाईचा बनविलेला होता, हेही मी मुलांना सांगितले. मुले खिदळत होती. हिच्या वहीत: "सगळे हसले, मी पण हसले. रात्री जेवताना आठवलं तेव्हा हसू आलं नाही. बूट गोड होता हे सरांनी सांगायला नको होतं." या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

आता 'संत तुकाराम'. १९३६चा हा बोलपट 'प्रभात'चा, हे येथे सांगावयास नकोच. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे जोडदिग्दर्शक. आपण कोल्हापूरला जाताना निपाणी मागे टाकली की कागल लागते. फत्तेलाल त्या कागलचे. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' उभी राहिली तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी दोघे. तुकोबांचे देहू ज्यांनी पडद्यावर उभे केले त्यांपैकी एकजण मुसलमान होता, ही गोष्ट मला लहानपणापासून अभिमानाची वाटत आलेली आहे. १९४० सालच्या 'संत ज्ञानेश्वर'चे दिग्दर्शकही हेच दोघे, आणि त्यात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती घराण्यातले. हे सारे मी मुलांना चित्रपट लावण्यापूर्वी सांगितले. जरा जास्तच वेळ सांगितले, असे आता वाटते.

मुलीने तुकोबांविषयी एकच ओळ लिहिली आणि बाकी पान जिजाईला दिले. "तुकाराम चांगले आहेत. पण मला जिजाई आवडली. सगळे तिला कजाग म्हणतात. घरात पीठ नसेल तर गोड कोण बोलेल? ती देवाला वहाण दाखवते कारण तिला देव खरा वाटतो. खोटा वाटला असता तर कशाला गेली असती? शेवटी ती वैकुंठाला जात नाही ते बरोबर केलं. पोरांना कोण बघणार."

ते पान वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. ते का, हे सांगण्यासाठी थोडे माझ्या लहानपणाकडे वळावे लागेल.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या शेजारच्या गल्लीत गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर दोन खांबांना धोतर-चादरीचा पडदा ताणून चित्रपट दाखवीत. पुढची जागा मोठ्या मुलांनी आधीच धरलेली असे. आम्ही बारकी पोरे पडद्याच्या मागल्या अंगाला बसत असू. कापडातून चित्र आरपार दिसते, फक्त उलटे दिसते. अक्षरे उलटी, आणि सगळी माणसे डावखुरी. 'संत तुकाराम' मी पहिल्यांदा असा पाहिला. घरी गेल्यावर दादीने विचारले, काय बघितलेस? मी म्हणालो, एक बाई देवाला चप्पल मारायला निघाली होती, डाव्या हाताने. दादी रागावेल असे मला वाटले होते. ती पान जुळवीत होती. तिने मान वर केली आणि आमच्या घरच्या बोलीत विचारले, "फिर? मारी की नहीं?"

एवढेच तिचे म्हणणे. त्यात काय घ्यावे, काय घेऊ नये, हे तिने सांगितले नाही. पुढे मी पदवीधर झालो, बी.एड. झालो. त्या शिक्षणात चित्रपट हे दृक्श्राव्य साधन आहे आणि त्यापासून अमुक मूल्ये रुजविता येतात असे शिकलो, आणि तेही काही खोटे नाही. पण जिजाईसंबंधी स्वतःला काय वाटले होते हे मी विसरून गेलो होतो. ते मला मागच्या बाकावरच्या या मुलीने परत आणून दिले.

पुढचे दोन-तीन चित्रपट भरभर सांगतो. 'महल' १९४९चा, कमाल अमरोहींचा, मधुबालेचा. ओस वाडा, झुलता झोपाळा, दूरवरून येणारे गाणे. मुले एकमेकांना चिकटून बसली होती. शेवटी कळते की भूत-बित काही नसून ती माळ्याची मुलगी आहे. मुलांचा हिरमोड झाला. हिने लिहिले: "भूत नाही हे कळल्यावर मला जास्त भीती वाटली. भूत असतं तर तो वेडा नव्हता. भूत नाही म्हणजे तो आपणहून वेडा झाला." 'मुघल-ए-आझम' (१९६०) पाहताना आरसेमहालाचे दृश्य आले आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एकदम रंग उजळले, तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजविल्या. त्यावर हिची टिपणी दोन ओळींची असून ती अकबराच्या चिलखताच्या वजनासंबंधी आहे. प्रत्येक थोर कृतीने प्रत्येक मूल हलावे अशी अपेक्षा मी तरी सोडून दिली आहे.

'कुंकू'वर मात्र ती तीन पाने लिहिते. १९३७चा हा शांतारामबापूंचा बोलपट नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. केशवराव दाते वृद्ध वकील काकासाहेब झाले आहेत, आणि फसवून त्यांच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा म्हणजे शांता आपटे. या बोलपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, भांड्यांचे आवाज, पावले, असे घरातलेच आवाज सर्वत्र आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली नव्हती, आणि तरीही हिने ती टिपली: "यात वाजवत नाहीत, म्हणून आमच्याच घरात चाललंय असं वाटतं." नीरा त्या लग्नाला लग्न मानण्याचे नाकारते, हे तिला फार आवडले. पण शेवट नाही आवडला. काकासाहेबांना आपला अन्याय उमगतो आणि ते स्वतःच जीव देतात. तिने लिहिले: "तो मेला म्हणून ती सुटली. नसता मेला तर? त्याला कळलं होतं ना, मग जिवंत राहून सोडायला काय झालं होतं?"

आता मी तुटीच्या रकमेकडे येतो.

'शेजारी' १९४१चा. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामबापूंचे. 'प्रभात' सोडण्यापूर्वीचे त्यांचे हे शेवटचे चित्र. एका खेड्यात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे जिवलग शेजारी. तेथे धरण बांधावयास आलेला धनवान त्यांच्यात फूट पाडतो, गाव दुभंगते, आणि अखेरीस फुटणाऱ्या धरणात दोघे मित्र एकमेकांचे हात धरून प्राण सोडतात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त जागीरदार पुन्हा मिर्झाच, पण हिंदू ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदूने मुसलमान व्हायचे आणि मुसलमानाने हिंदू, अशी ती योजना होती. आणि हे १९४१ साली, देशात वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते आपण जाणता.

हा चित्रपट लावावा की नाही याचा विचार मी पंधरा दिवस करीत होतो. माझे नाव आपणांस ठाऊक आहे. दुसऱ्या कोणा शिक्षकाने तो लावला असता तर तो एक चांगला जुना चित्रपट झाला असता. मी लावला म्हणजे त्याला अर्थ चिकटणार. कोणी पालक विचारील, मास्तर, हाच का? कोणी काहीच विचारणार नाही आणि घरी जाऊन बोलेल. खरे सांगावयाचे तर कोणी काही विचारले नाही, आणि या गावाने मला वीस वर्षांत तसे कधी विचारलेलेही नाही. पण भीती ही विचारून येत नसते. त्या शनिवारी मुले चित्रपट पाहत होती आणि मी मुलांचे चेहरे पाहत होतो. धरण फुटले तेव्हा तीन-चार मुली डोळे पुसताना दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. जणू परीक्षा माझीच होती आणि मी उत्तीर्ण झालो.

सोमवारी वह्या आल्या. तिच्या वहीत हे होते: "मला रडू आलं नाही. राग आला. दोघं मेल्यावर गावाला अक्कल आली. जिवंत असताना का नाही आली? 'कुंकू'मध्ये पण तसंच. या सिनेमात मेल्याशिवाय कोणी शहाणं होत नाही." आणि खाली, थोडी जागा सोडून: "सर सारखं सांगत होते, हा नट खरा कोण आणि तो नट खरा कोण. बघताना मी ते विसरले होते. मिर्झा म्हणजे मिर्झाच वाटत होता. सरांनी परत आठवण करून दिली."

बंधुभगिनींनो, हा अभिप्राय त्या वर्षातला सर्वांत चांगला होता, हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मला तो लागला. मनात आले, मी एवढे जपून, एवढे समजावून सांगितले, आणि हिने काय घेतले! मी लाल पेन उचलले आणि लिहिले: "विषय नीट समजलेला नाही. पुन्हा लिहा."

तिने पुन्हा लिहिले. तेही वाचतो. "या चित्रपटातून आपणांस हिंदू-मुस्लिम ऐक्याचा मोलाचा संदेश मिळतो. आपण सर्वांनी गुण्यागोविंदाने राहिले पाहिजे." अक्षर सुरेख, शुद्धलेखन निर्दोष. मी खाली 'छान' लिहिले.

पुढच्या महिन्यात इटालियन 'बायसिकल थीव्ज' लावला. व्हित्तोरियो दे सिका यांचा, १९४८चा. महायुद्धानंतरचे रोम शहर, बेकारी. भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी एका माणसाला मिळते, पण अट अशी की सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून त्याची सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि त्याचा लहान मुलगा शहरभर ती शोधत हिंडतात, एवढीच कथा. बापाचे काम करणारा माणूस नट नव्हता, खराखुरा कारखान्यातला कामगार होता. शेवटी तो बाप हताश होऊन स्वतःच एक सायकल चोरतो आणि पकडला जातो. लोक त्याला मुलाच्या देखत धक्के मारतात. पोराचे रडवेले तोंड पाहून सायकलवाला त्याला सोडून देतो. मग बाप-लेक गर्दीतून चालू लागतात आणि पोर बापाचा हात धरते.

भाषा परकी असल्याने मी पडद्याशेजारी उभा राहून मराठीत सांगत होतो, त्यामुळे या वेळी मुलांची तोंडे मला समोरून दिसत होती. मुले मध्ये मध्ये बोलत होती, "कुलूप का नाही लावलं?" असे दोघांनी ओरडून विचारले. ही मुलगी मात्र लोक त्या बापाला धरतात तेव्हा मान वळवून भिंतीकडे पाहू लागली, आणि चित्रपट संपून जमखाने काढीपर्यंत तिने मान इकडे केली नाही. तिचे वडील हप्त्यावर घेतलेल्या गाडीवरून फौंड्रीत जातात, हे मला ठाऊक होते. त्या महिन्यात फौंड्रीतल्या पाळ्या कमी झाल्या होत्या, हे मला नंतर कळले.

तिच्या वहीत 'बायसिकल थीव्ज'वर हे आहे: "या चित्रपटातून आपणांस प्रामाणिकपणाचा संदेश मिळतो. कितीही संकटे आली तरी चोरी करू नये." त्याच्या पुढच्या महिन्यात सत्यजित राय यांचा 'पाथेर पांचाली' (१९५५) झाला. दुर्गा गेल्यावर अपूला तिने चोरलेली माळ सापडते आणि तो ती कोणाला न सांगता तळ्यात फेकतो. शेवाळ क्षणभर बाजूला होते आणि पुन्हा मिटते. तेथे तरी ही काही लिहील असे वाटले होते. "भावा-बहिणीच्या प्रेमाचा संदेश मिळतो."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या वह्या घरी आणल्या आणि एकेक सलग वाचली. महिन्या-महिन्याने वाचताना जे दिसत नाही ते सलग वाचताना दिसते. एका पानापर्यंत अक्षर वेडेवाकडे, खाडाखोड, आणि माणूस जिवंत. त्या पानानंतर अक्षर मोत्यासारखे आणि आत कोणी नाही. त्या पानावर लाल शाई माझी होती.

शाळा उघडल्यावर तिला मी बोलाविले. म्हणालो, "बाळ, तू पहिल्यासारखे का लिहीत नाहीस?" ती म्हणाली, "सर, तुम्हीच लिहिलं होतं ना, पुन्हा लिहा म्हणून." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुले तक्रार करीत नाहीत. मास्तरांना काय हवे ते ओळखून ती देऊन टाकतात, आणि आपण त्याला प्रगती म्हणतो.

पुढच्या शनिवारी सर्व वर्गासमोर मी ती लाल ओळ खोडली आणि आपण हिशेबाच्या वहीत करतो तशी खोडीखाली सही केली. मग माझाही एक अभिप्राय वाचून दाखविला. बी.एड.ला असताना मी 'पाथेर पांचाली' प्रथम पाहिला तेव्हा मला मध्येच झोप लागली होती, आणि नंतरच्या चर्चेत मी उठून त्याची दहा मिनिटे स्तुती केली होती. मुलांना हे फारच आवडले. हशा ओसरल्यावर एका मुलाने तिला विचारले, "शेजारीमध्ये ते दोघं मेले नसते तर मग दाखवलं काय असतं?" ती बसल्या जागेवरून म्हणाली, "सकाळी उठून परत कट्ट्यावर बसले असते. तेच दाखवायचं."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मरणाने जुळलेली मैत्री पाहून डोळे पुसणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कट्ट्यावर जाऊन बसणे अवघड असते, आणि आपण या गावात राहणारी माणसे रोज तेच करीत असतो. माझ्या आळीत मी तेच करतो, माझ्या वडिलांनी तेच केले. त्याचा चित्रपट कोणी काढला नाही, त्यामुळे ते दाखविण्याजोगे असते हे मला सुचलेच नव्हते.

येथे संस्थेपाशी एक विनंती करावयाची आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त मुलांच्या उत्कृष्ट अभिप्रायास दरवर्षी पारितोषिक ठेवावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि रक्कमही उदार आहे. तरी ते पारितोषिक ठेवू नये. ज्या दिवशी बक्षीस लागेल त्या दिवसापासून अठ्ठावीसही वह्यांत 'मोलाचा संदेश' येऊ लागेल, आणि परीक्षक तो निवडतील. तीच रक्कम खिडक्यांच्या पडद्यांसाठी द्यावी. जमखान्यांना भोके आहेत आणि दुपारी ऊन थेट नायकाच्या तोंडावर येते.

वर्षअखेरीस आम्ही 'माणूस' पाहिला. १९३९चा, त्या काळी गाजलेल्या 'देवदास'ला शांतारामबापूंनी दिलेले उत्तर म्हणून तो ओळखला जातो. शाहू मोडक पोलीस शिपाई गणपत झाले आहेत आणि मैना झाल्या आहेत शांता हुबळीकर, आपल्या शेजारच्या हुबळीकडच्या. तिच्या गाण्यात अनेक भाषा एकामागून एक येतात. आमच्या वर्गाला त्यात काहीच नवल वाटले नाही, कारण ही मुले रिक्षावाल्याशी एका भाषेत, वाण्याशी दुसऱ्या आणि घरी तिसऱ्या भाषेत बोलतात. गणपत मैनेला त्या वस्तीतून बाहेर काढू पाहतो, ते साधत नाही, शेवटी ती तुरुंगात जाते. गणपत मोडून पडतो, पण देवदासासारखा संपून जात नाही.

तिचा अभिप्राय, पुन्हा पहिल्यासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, असा आहे: "हा आवडला. गणपत मरत नाही. त्याला खूप वाईट वाटतं आणि मग तो ड्युटीवर जातो. आमच्या पप्पांचं पण असंच आहे. मैना जेलमधून कधी सुटली ते दाखवायला पाहिजे होतं. सुटल्यावर तिला घ्यायला कोण गेलं?" आणि त्याखाली: "बायसिकलवर नंतर लिहीन."

'बायसिकल थीव्ज'चे ते पान तिने फाडून टाकले आहे. वही शिवलेली असल्याने त्याच्या जोडीचे दुसरे पानही सुटले होते, ते तिने डिंकाने चिकटविले आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू कोऱ्या ठेवल्या आहेत. ती आता दहावीत आहे. एस.एस.एल.सी.चे वर्ष असल्यामुळे शनिवारी तिला जादा तास असतात, चित्रपटाला येता येत नाही. वही तिच्याकडेच असते. या भाषणापुरती तिने ती मला दिली आहे, आणि उद्या सकाळी प्रार्थनेआधी परत हवी, असे सांगितले आहे.